ऐकलेला हेर, पाहिलेला हेर

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नकार्याच्या निमित्ताने आम्हांस चारठाण्यास जाण्याचा योग आला. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील हे गाव तेथील यादवकालीन देवळांमुळे जाणत्या मंडळींस ठाऊक आहे. गोकुळेश्वराचे देऊळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बारव, आणि ज्यास गावकरी दीपमाळ म्हणतात तो कोरीव दगडी स्तंभ, हे सर्व आम्ही पाहिले आणि त्यांविषयी पुढेमागे लिहूही. आज मात्र लिहावयाचे आहे ते त्याच गावातील एका वाड्याच्या ढाळजेत पाहिलेल्या दोन पेट्यांविषयी.

ज्या वाड्यात आम्ही उतरलो होतो, त्याच्या माळवदाची माती काढून वर सिमेंट घालावयाचे ठरले होते. त्यासाठी अडगळीची खोली रिकामी करण्याचे काम लग्नघाईतच निघाले. (मराठवाड्यात ही दोन कामे नेहमी एकदम कशी निघतात, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.) खोलीतून तुटके पाळणे, तांब्याची घंगाळे, पोथ्यांचे रुमाल असे काय काय बाहेर आले, आणि शेवटी आल्या ह्या दोन पेट्या. एक व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, पुढे कापडाची जाळी लावलेला. आणि दुसरा सरकत्या दारांचा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच. भंगारवाला दुपारी यावयाचा होता. घरातील धाकट्या चिरंजीवांनी दोहोंकडे बोट दाखवून "दोन्ही देऊन टाका" असा हुकूम केला. तेव्हा थोरल्या वहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "टीव्ही द्या खुशाल. रेडिओ राहू द्या. तो आत्याबाईंचा आहे."

आत्याबाईंस जाऊन कित्येक वर्षे लोटली. ज्या मुलास वहिनींनी हे सांगितले, त्याने त्यांस पाहिलेही नव्हते. तरी पेटी राहिली. ती का राहिली, हे सांगावयाचे तर गोष्ट मुळापासून सांगितली पाहिजे.

आत्याबाई ह्या त्या घरच्या माहेरवाशीण. लहानपणीच वैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या आणि पुढे सारा वाडा त्यांच्याच शब्दावर चालला. शाळा फार झाली नव्हती. परंतु वाचनाचे वेड असे की, परभणीहून येणारा पुतण्या भाड्याच्या वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके आणी, ती पोथीच्या रुमालात ठेवून त्या वाचीत. अर्नाळकर (१९०६–१९९६) हे हजारांवर रहस्यकथा लिहिणारे गृहस्थ. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय हे नायक त्या काळी ज्या घरात नव्हते, असे मराठी घर शोधावे लागले असते. सभ्य घरांत ती पुस्तके उशीखाली राहत, इतकेच. आत्याबाईंस झुंजारचे साहस फारसे रुचत नसे; त्यांचा ओढा धनंजयाकडे. "तो मारामारी कमी करतो आणि विचार जास्त करतो," हे त्यांचे मत पुतण्याने आम्हांस आजही जसेच्या तसे सांगितले.

पन्नाशीच्या आतबाहेर काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो फार उशीर झाला होता. पोथी मिटली आणि पोथीतला धनंजयही मिटला. अशा वेळी तो रेडिओ त्यांच्या जवळ आला.

ज्यांनी त्या वेळची विविधभारती ऐकली आहे त्यांस 'इन्स्पेक्टर ईगल' हे नाव नव्याने सांगावयास नको. विविधभारती १९५७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या. जाहिरातींमागोमाग प्रायोजित कार्यक्रम आले, आणि त्यांतच ईगल फ्लास्कवाल्यांनी आपल्या थर्मासाच्या नावाचा एक पोलीस अधिकारी निर्माण केला. विनोद शर्मा ह्यांच्या आवाजातील तो इन्स्पेक्टर आणि त्याच्याबरोबरचा हवालदार ह्यांनी घरोघरच्या श्रोत्यांस खिळवून ठेविले. हेराचे नाव थर्मासावरून पडावे ही गोष्ट ऐकावयास हास्यास्पद वाटते खरी. पण चहा ऊन राहतो म्हणून खून उकलतो, असे कोणास खटकले नाही. भाषा हिंदी होती. वाड्यातील वडीलधारी माणसे निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेली, त्यामुळे त्यांस अडचण नव्हती. बायकांस ती ऐकून ऐकून समजू लागली.

कार्यक्रमाची वेळ म्हणजे रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ. रेडिओ माजघरातील कोनाड्यात. पुरुष मंडळी सोप्यावर, मुले उंबऱ्यावर, काकू चुलीपाशी भाकरी थापीत, वहिनी ताटे घेत, आणि आत्याबाई खांबाला टेकून वाती वळीत. सोवळ्यात असल्या म्हणजे त्या रेडिओस हात लावीत नसत. आवाज वाढवावयाचा तर जवळच्या पोरास सांगत, आणि पोर नसले तर लाकडी पळीच्या दांड्याने बटण फिरवीत. लाकडास विटाळ नाही, हा निर्णय त्यांचा त्यांनीच दिलेला होता. गुन्हेगाराचे नाव उघड होण्यापूर्वी मध्ये जाहिरात लागे, आणि त्या अवधीत घरात एकच गलका होई. मुनीम, नाही सावत्र भाऊ, नाही डॉक्टर. भाकरी थापण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबे. तव्यावरची एखादी करपेही. सर्वांत शेवटी आत्याबाई बोलत. "जो विचारले नसता सांगतो, तो," असे काहीसे त्यांचे उत्तर असे, आणि दहांतून सात वेळा ते बरोबर निघे.

वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ह्या साऱ्या प्रकारात आत्याबाईंचे अंधत्व कोणासही आठवत नव्हते. आठवण्याचे कारणच नव्हते. रेडिओपुढे सारे घर सारखेच आंधळे होते.

नभोनाट्यातील हेरकथेची सारी रचनाच ह्या एका गोष्टीवर उभी असते. तेथे जे बोलले जात नाही किंवा वाजत नाही, ते घडलेलेच नसते. नायकास टेबलावर रक्ताचा डाग दिसला, तर कोणीतरी तो मोठ्याने बोलून दाखविला पाहिजे. म्हणून हेराबरोबर नेहमी एक सोबती लागतो. होम्सला वॉटसन, धनंजयाला छोटू, ईगलला हवालदार. सोबती थोडा मंदबुद्धी असला तर अधिकच चांगले, कारण तो जे विचारतो ते वस्तुतः माजघरातून आम्ही विचारीत असतो. दार किरकिरते, बूट खडीवर वाजतात, पत्रा हलविला की विजेचा कडकडाट होतो, चकचकीत पातळ कागद चुरगाळला की आग लागते. ह्या एवढ्या सामग्रीवर श्रोता आपल्या मनात जो वाडा बांधतो, तो बांधावयास कोणत्याही चित्रशाळेस लाखो रुपये पडतील. आणि मुख्य गोष्ट ही की, ते ऐकताना हात मोकळे राहतात. ज्या घरात बायकांचे हात रात्री दहापर्यंत मोकळे होत नव्हते, तेथे ह्याचे मोल केवढे होते ते आम्ही पुरुषांनी उशिरा जाणले.

हेराने रेडिओच्या पेटीतून उठून चित्राच्या पेटीत जावे, हा उद्योग आमच्याकडे सुरू होण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत झाला होता. शेरलॉक होम्स १९३० साली विल्यम जिलेट ह्या वृद्ध नटाच्या आवाजात तेथील नभोवाणीवर आला. आणि १९३७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रायोगिक दूरचित्रवाणीवर त्याची एक गोष्ट दाखविली गेली, तेव्हा होम्स झाला होता लुई हेक्टर, ज्याने पूर्वी नभोवाणीवर तेच काम केले होते. पाहणारे मूठभर होते. खरे स्थलांतर घडले ते महायुद्ध संपल्यावर, १९४९ पासून पुढच्या दहा वर्षांत.

त्यांपैकी एका नटाची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. 'मार्टिन केन' नावाचा खासगी हेर १९४९ साली नभोवाणीवर आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरही आला. दोन्हीकडे तो रंगविणारा नट एकच, विल्यम गार्गन. खर्च एका तंबाखूच्या कंपनीचा, तेव्हा प्रत्येक प्रकरणात हेरमहाशयांचे पाऊल तंबाखूच्या दुकानाकडे वळावयाचेच. तेथे गप्पा व्हावयाच्या, अमुक चिरूट, तमुक तंबाखू ह्यांची वाखाणणी व्हावयाची, आणि मग तपास पुढे चालावयाचा. रेडिओवर ते नुसते बोलणे होते. चित्रात हेराच्या तोंडची चिलीम आणि तिचा धूरही घरोघर दिसू लागला. पुढे १९६० साली ह्याच गार्गनच्या घशास कर्करोग झाला आणि त्याचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. ज्याचे सारे भांडवल आवाज, त्याचा आवाजच गेला. ह्या गृहस्थाचे धैर्य असे की, अन्ननलिकेतून शब्द काढावयाची कष्टाची विद्या तो शिकला, आणि उरलेले आयुष्य, १९७९ साली मृत्यू येईपर्यंत, आपल्यासारख्या रोग्यांस ती शिकविण्यात आणि तंबाखूविरुद्ध सांगत फिरण्यात त्याने घालविले. आमच्या इन्स्पेक्टरास थर्मासवाल्यांनी पोसले, ह्याबद्दल आपण आनंदच मानला पाहिजे.

दुसरा एक हेर, रिचर्ड डायमंड. नभोवाणीवर तो डिक पॉवेल ह्या गाणाऱ्या नटाने केला, म्हणून तपास संपला की हेर आपल्या प्रेयसीस गाणे म्हणून दाखवी. १९५७ साली तो दूरचित्रवाणीवर गेला तेव्हा नट बदलला, डेव्हिड जॅन्सन आला, आणि गाणेही गेले. पण चित्र दाखविणाऱ्यांनी एक मौजेची युक्ती केली. हेरास निरोप देणारी 'सॅम' नावाची जी टेलिफोनवरची स्त्री होती, तिचे पाय दिसत आणि आवाज ऐकू येई. तोंड मात्र कधीच दाखवीत नसत. एवढे सगळे दाखविता येत असतानाही काहीतरी झाकून ठेवावे लागते, नाहीतर प्रेक्षकांचे मन रिकामे बसते, हे त्या धंदेवाल्यांस बरोबर उमगले होते. तथापि रेडिओवरील हेर काही टिकले नाहीत. जॉनी डॉलर हा त्यांतला शेवटचा. १९६२ च्या सप्टेंबराच्या ३० तारखेस त्याचे शेवटचे प्रकरण झाले, आणि अमेरिकेतील नभोनाट्याचा तो काळ संपला असेच तेथील लोक मानतात.

आमच्याकडे हीच वाट पंचवीस वर्षांनी चालली गेली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरास सुरू झाले. परंतु मुंबई-पुण्याबाहेर चित्र पोहोचावयास १९८० नंतरचे दशक उजाडले. १९८५ साली पंकज पराशर ह्यांची 'करमचंद' आली. पंकज कपूर ह्यांचा तो काळा चष्मेवाला खासगी हेर सतत गाजर खाई, आणि सहायिका किटी काही बोलली की तिला गप्प बसवी. गाजराची कल्पना पाहावी. रेडिओवर गाजर म्हणजे एक कटकन आवाज. त्याहून अधिक काही नाही. चित्रात तेच गाजर हेराची ओळख झाले. सोबत्याची काय दशा झाली तीही येथे दिसते. जे सर्वांस दिसतच आहे ते विचारणारा सोबती चित्रात निरुपयोगी ठरतो. मग त्याला एक तर विनोदी करावे लागते, नाहीतर गप्प बसवावे लागते.

मराठीत खासगी हेरापेक्षा पोलीस अधिकारीच अधिक रुजला. मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' आणि रमेश भाटकरांचे 'हॅलो इन्स्पेक्टर' ह्या मालिका पुष्कळांस स्मरत असतील. 'एक शून्य शून्य'मधील शिवाजी साटम आणि दिग्दर्शक बी. पी. सिंग हीच जोडी पुढे १९९८ मध्ये 'सी. आय. डी.' घेऊन हिंदीत गेली आणि तेथे वर्षानुवर्षे राहिली. अर्नाळकरांच्या भाषेत धनंजयासारखा हेर होता, तरी दूरदर्शनवर खाकी वर्दीच का आली, ह्याचे आमच्या मते कारण असे की, सरकारी पेटीत सरकारी माणूसच शोभतो.

चारठाण्याच्या वाड्यात तो सरकत्या दारांचा संच आला तो करमचंदाच्याच वेळी. माळवदावर अँटेना उभी राहिली. कोणीतरी वर चढून ती फिरवावयाची, खालून "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा व्हावयाचा, आणि गावातील कावळ्यांनी नेमके तिच्यावरच बसावयाचे. संच सोप्यावर ठेविला गेला. पहिल्याप्रथम घरातील बायका पुरुषांसमोर सोप्यावर येऊन बसू लागल्या, ही गोष्ट लहान नव्हे. तेवढे श्रेय आम्ही त्या पेटीस अवश्य देतो. फक्त त्यांस आधी चूल विझवून यावे लागे, आणि उशीर झाला तर गोष्ट त्यांच्यावाचून पुढे जाई.

आत्याबाईही सवयीने येऊन बसल्या. संगीत वाजले. कोणी काही बोलेना. बूट वाजले, दार उघडले, पुन्हा संगीत. घरातील सर्वांनी एकदम श्वास ओढला. "काय झालं रे?" आत्याबाईंनी विचारले. "थांबा, सांगतो." पुन्हा थोड्या वेळाने, "कोण आलं?" "सांगतो म्हटलं ना, आत्याबाई." तिसऱ्या खेपेस त्यांनी विचारले तेव्हा त्यांचा पुतण्या, ज्यास त्यांनी अंगाखांद्यावर वाढविले होते, आणि जो परभणीहून त्यांच्यासाठी धनंजय आणीत असे, तो मागे वळूनही न पाहता म्हणाला, "आत्याबाई, जरा गप्प बसता का!"

आत्याबाई उठल्या. भिंत चाचपीत माजघरात गेल्या. त्या दिवसापासून करमचंदाची वेळ झाली की त्या जपास बसत. कोणी आग्रह केला नाही, कारण जपास बसलेल्या माणसास आग्रह कसा करावा? हे आम्हांस त्या पुतण्याने, बापूंनी, स्वतः सांगितले. आता त्यांचेच वय ऐंशीच्या घरात आहे. "तेव्हा पडद्यावर तिला किटीला गप्प बसवत होता, आणि मी हिला," एवढेच बोलून ते सुपारी कातरू लागले.

रेडिओ होता तेथेच होता. परंतु आत्याबाई तो एकट्या लावीत नसत. एकट्याने हेरकथा ऐकण्यात काय राम आहे? तर्क सांगावयाचा कोणास?

अशी सात-आठ वर्षे गेली. १९९३ साली आम्ही त्या वाड्यात आठ-दहा दिवस मुक्कामास होतो, आणि त्याच सुमारास दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' सुरू झाली. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी १९३२ साली निर्माण केलेला हा बंगाली हेर स्वतःस हेर म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवितो. रजित कपूर हे ब्योमकेश, आणि के. के. रैना हे त्याचे लेखक मित्र अजित. पहिल्या गोष्टीत कलकत्त्याच्या एका खाणावळवजा मेसमध्ये अतुल नावाचा तरुण नोकरीच्या शोधात येऊन राहतो, आणि तेथे खून होतो. हा अतुल म्हणजेच ब्योमकेश, हे मूळ कथेत वाचकास शेवटी कळते. ती त्या कथेतील मोठी गंमत आहे.

त्या रात्री वीज होती, हे आमचे नशीब. सारे सोप्यावर जमले. आत्याबाई माजघरात, दाराआड. बापूंची नऊ-दहा वर्षांची नात, शाळेत बडबडी म्हणून रोज शिक्षा खाणारी, ती मात्र उंबऱ्यावर बसली होती. संच सुरू होताच घरातील थोरली मुले म्हणाली, "हा अतुल नव्हे काही, हाच ब्योमकेश. ह्याचाच तर फोटो आला होता." संपले. डोळे असणाऱ्यांचे रहस्य पहिल्या पाच मिनिटांत फुटले.

उंबऱ्यावरची नात मात्र हळू आवाजात आत सांगत होती. तिला कोणी सांगितले नव्हते. गप्प बसणे तिला अशक्य होते म्हणून असेल. "आत्याआजी, एक माणूस आलाय. धोतर नेसलाय. काळा शर्ट... नाही, टीव्हीच काळा आहे." आतून उत्तर नाही. "आता दुसरा एकजण आला. त्याच्या हातात पिशवी आहे. तो सगळीकडे बघतोय." तेव्हा जपमाळ थांबल्याचे आम्ही ऐकले. आम्ही उंबऱ्याच्या जवळच बसलो होतो. आत्याबाई म्हणाल्या, "धोतर-शर्ट सांगू नकोस गं. दाराशी थांबला का, ते सांग. खोलीत आल्यावर आधी कुणाकडं पाहिलं, ते सांग."

पोरगी चकित झाली. मग ती खरोखर पाहू लागली. कोण कोणाकडे पाहतो, कोण हात लपवितो, दिवा कोणी मालविला. सोप्यावरून दोनदा "हळू गं!" असा दटावणीचा सूर आला, तिसऱ्यांदा आला नाही, कारण तिने सांगितलेली एक गोष्ट सोप्यावरच्या कोणासही दिसली नव्हती, आणि सारे मान वळवून तिच्याकडे पाहू लागले होते. मधल्या जाहिरातींत आत्याबाई आतूनच म्हणाल्या, "हा नवा आलेला पोरगा नोकरी शोधायला आलाय म्हणता? स्वतःबद्दल काही सांगत नाही आणि दुसऱ्याचं सगळं विचारतो. हा नोकरीवाला नव्हे. हाच तुमचा हेर." सोप्यावर सर्वांस ते मुळातच ठाऊक होते, पण ते तर्काने कळलेले एकट्या आत्याबाईंस. खुनी मात्र त्यांस ओळखता आला नाही. बंगाली नावे कानांत बसत नाहीत, अशी सबब त्यांनी सांगितली. त्यांचा संशय ज्या गरीब भाडेकऱ्यावर होता, तो अगदी निरपराध निघाला.

पुढच्या आठवड्यात नात मामाकडे गेलेली. संच लागला. बापूंनी कोणास काही न सांगता आपली खुर्ची पुढच्या जागेवरून उचलली, माजघराच्या उंबऱ्याशी आणून ठेविली, आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने सांगावयास आरंभ केला. "आता तो जिना चढतोय. खोलीत कुणी नाही. आता बघा हं, पलंगाखाली त्याला किल्ली सापडणार." आतून काही वेळ शांतता होती. मग आत्याबाई म्हणाल्या, "अरे बापू, तू निकाल आधी सांगतोस. ती पोरगी बरी." दोघेही त्यानंतर त्या जुन्या प्रसंगाविषयी एक शब्दही बोलले नाहीत असे वहिनी सांगतात. मालिका संपेपर्यंत ती खुर्ची उंबऱ्याशीच राहिली.

जे त्या नऊ वर्षांच्या पोरीने आपल्या बुद्धीने केले, त्यास आता ध्वनिवर्णन असे नाव मिळाले आहे. चित्र चालू असता, संवादांच्या मधल्या जागेत, न दिसणाऱ्यासाठी दिसणारे सांगावयाचे. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी ह्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चांगली गोष्ट आहे. परंतु ज्या घरात कोणी वडील माणूस दिसत नाही म्हणून पेटीपासून उठून गेले आहे, त्यांनी मंत्रालयाची वाट पाहण्याचे काही कारण नाही. बडबडे पोर बहुतेक घरांत असते. तेही नसेल तर कान अजून रिकामे नाहीत. बंगाल्यांनी ह्या बाबतीत आपल्यास मागे टाकिले आहे. कोलकात्यात मिर्ची ह्या खासगी नभोवाणीवर २००९ पासून 'संडे सस्पेन्स' नावाने रहस्यकथा ऐकवितात, आणि ज्यास दूरचित्रवाणीने व चित्रपटांनी इतके दाखविले, तो ब्योमकेश तेथे पुन्हा नुसता आवाज होऊन परत आला आहे. मराठीत धनंजय-छोटू तसे कोणी घरोघर ऐकवील, तर त्याचे पहिले श्रोते आम्ही होऊ. श्रुतिका लिहिणारांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती.

भंगारवाला दुपारी आला. संच वजनावर गेला. त्याची सरकती दारे तेवढी सुतारकामास उपयोगी पडतील म्हणून चिरंजीवांनी काढून ठेविली. बापूंची ती नात आता पुण्यास असते. लग्नास आपल्या मुलासह आली होती. रेडिओ पुसून तिने त्याचे बटण फिरवून पाहिले. वीज जोडलेली नव्हती, आणि असती तरी तो वाजला नसता असे जाणत्यांचे मत पडले. तो ठेवावा कोठे, ह्यावर रात्री जेवणे झाल्यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे तो माजघरातल्या जुन्याच कोनाड्यात गेला. त्या कोनाड्यापुढे आता फ्रिज उभा आहे, त्यामुळे रेडिओ दिसत नाही. हात घालून चाचपला तर बटण लागते.